कळफलक आणि मनगट

कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि बोटे सैल सोडा. मनगट मागच्या बाजूला वाकवले की बोटे आपोआप थोडी मिटतात. तळहाताच्या बाजूला वाकवले की उघडतात. असे का होते? बोटे मिटवणारे व उघडणारे मोठे स्नायू बोटांत नसून कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांची ओढ दोरीसारख्या कंडरांमधून, मनगट ओलांडून बोटांपर्यंत पोहोचते. म्हणून मनगट वाकले की या दोऱ्यांचा ताण बदलतो.

मनगटात हाडे आणि त्यांवरील चिवट पट्टा यांच्यामध्ये एक अरुंद बोगदा असतो. त्यातून ९ कंडरा आणि अंगठा व शेजारच्या बोटांना संवेदना पुरवणारा चेतातंतू जातो. मनगट वाकलेले राहिले तर या बोगद्यातील दाब वाढतो. तासन् तास तसेच काम केले की हात अवघडू लागतो.

आता संगणकाचा नेहमीचा कळफलक पाहू. शेजारच्या दोन कळींमधील अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते. मधल्या ओळीवर आठही बोटे ठेवली तर एका करंगळीपासून दुसरीपर्यंत जेमतेम १७ सेंटिमीटर भरतात. मोठ्या माणसाचे खांदे याच्या दुपटीहून रुंद असतात. साहजिकच हात तिरपे आत येतात आणि बोटे ओळीत बसवण्यासाठी मनगटे करंगळीच्या बाजूला वळवावी लागतात. ही ठेवण १८७०च्या दशकातील टाइपरायटरची. तेथे प्रत्येक कळ एका दांडीला जोडलेली असे. संगणकात दांड्या नाहीत, ठेवण मात्र तीच राहिली.

कळफलकाचे दोन भाग करून ते तिरपे मांडावेत, ही कल्पना जर्मनीत क्लोकेनबर्ग यांनी १९२६ साली मांडली. १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने या प्रकारचा कळफलक बाजारात आणला. अशा कळफलकावर मनगटे अधिक सरळ राहतात, हे मोजमापांतून दिसले आहे. मात्र त्यामुळे दुखणे टळतेच, असे सिद्ध झालेले नाही. बैठक चुकीची असेल आणि विश्रांती नसेल, तर महागडा कळफलकही फारसा उपयोगी नाही.

शाळेतील टेबले बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात आणि हात मात्र वाढत्या मुलांचे. म्हणून नवा कळफलक नसला तरी काही गोष्टी जरूर कराव्यात. कळफलकाच्या मागच्या बाजूचे पाय मिटवावेत. ते उघडल्याने मनगट अधिकच मागे वाकते. कळफलक कोपराच्या उंचीवर येईल अशी खुर्ची उंच करावी आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट द्यावा. अधूनमधून हात मोकळे करायला लावावेत.

विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एक प्रयोग घेता येईल. एकाने टंकलेखन करावे. दुसऱ्याने फूटपट्टी धरून, वरून आणि बाजूने, कोपरापुढचा हात व पंजा एका रेषेत आहेत का ते पाहावे. नसल्यास काय बदलावे लागेल, ते मुलांनीच शोधावे.