चेन थोडी सैलच का हवी?

घरच्या घरी मोटारसायकलची निगा राखताना हमखास चुकणारी गोष्ट म्हणजे चेनचा ताण. चेन खडखडली की आपण म्हणतो, करा टाइट! पण अति ताणलेली चेन सैल चेनइतकीच घातक. का, ते बघा.

मागचं चाक स्विंगआर्मला जोडलेलं असतं आणि हा आर्म पुढच्या टोकाशी बिजागरीसारखा हलतो. इंजिनाचं लहान दातेरी चक्र त्या बिजागरीच्याही पुढे असतं. त्यामुळे दोघं बसल्यावर गाडी खड्ड्यात दबली की मागचं चाक त्या चक्रापासून आणखी लांब जातं. तेवढी ढील नसेल तर सगळा ताण बेअरिंगवर येतो. चेन तुटूही शकते, आणि ती चाकात अडकली तर चालती गाडी जागीच जाम.

मग मोजायचं कसं? इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. खालच्या बाजूला चेनच्या मध्यावर पट्टी धरा, चेन वर-खाली करा. बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर हालचाल लागते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत घट्ट जागेचं माप धरा. चाक सरकवल्यावर दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, ते पाहून मगच अ‍ॅक्सलचा नट आवळा. ड्रम ब्रेक असेल तर तोही पुन्हा तपासा.

आणि हो, चेन पुसताना इंजिन चालू ठेवून गिअर टाकू नका. चाक हातानेच फिरवा. बोट चक्रात जायला एक क्षण पुरतो.