बोली आधी कामातून जाते

पहिला पाऊस पडला की रायगडमधल्या मोहोपाडा, कर्जत, पनवेलच्या बाजारांत शेवळांच्या जुड्या दिसू लागतात. जुडीसोबत काकडांचा वाटा असतोच; काकडं वाटून त्यांचा रस भाजीत पडल्याशिवाय शेवळांची खाज मरत नाही. शेवळं रानात कुठे मिळतात, कधी खुडायची, हे विकणाऱ्या कातकरी आणि ठाकूर बायांना नेमकं ठाऊक असतं. गिऱ्हाइकाशी त्या मराठीत बोलतात. कातकऱ्यांच्या बऱ्याच वाड्यांवर आता घरातही मराठीच चालते. म्हाताऱ्यांच्या आपसातल्या बोलण्यात उरलेली कातकरी बोली, म्हणजे काथोडी, नातवंडांना कळते तेवढी कळते, बोलता येत नाही. दाखल्यावर ‘कातकरी’ लिहिलेल्या शिकल्यासवरल्या तरुणाला मग एक अवघडलेपण येतं: आपण ज्यांचे, त्यांच्यासारखं आपल्याला बोलता येत नाही. त्याचा दोष सर्रास त्याला किंवा त्याच्या आईबापांना दिला जातो. माझं म्हणणं असं की बोली घरातून जाण्याच्या कितीतरी आधी कामातून गेली, आणि ते काम कातकऱ्यांनी सोडलेलं नाही, त्यांच्या हातून काढून घेतलं गेलं.

जमातीच्या नावातच ते काम आहे. खैर तोडायचा, बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाकायचं, आतल्या तांबड्या गाभ्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यात तासन्‌तास उकळायच्या, पाणी दाटलं की निववून काताच्या वड्या पाडायच्या. लाकूड पुरतं पिकलंय का, आच किती ठेवायची, मडकं कधी उतरवायचं, हे पुस्तकातून येत नाही. थोरल्याने धाकट्याला जवळ बसवून सांगावं लागतं, आणि ते आपल्या बोलीतच सांगितलं जातं. १८७८च्या वन कायद्याने जंगलं राखीव होऊ लागली आणि खैरावर कुऱ्हाड घालणं गुन्ह्यात मोडायला लागलं. पुढे ठेकेदारांसाठी कोळसा पाडणं आलं, नंतर वीटभट्टी आली. भट्टीवर जायच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीनंतर बिऱ्हाड हलवायचं, पावसाच्या तोंडावर परतायचं. भट्टीवर चालते ती मुकादमाची भाषा. विटांची मोजणी तिच्यात, हिशेब तिच्यात, कर्जही तिच्यातच. रानात जी बोली पोट भरत होती, तिला भट्टीवर काही कामच उरलं नाही.

मोहोपाड्याच्या आसपास याला आणखी एक पदर आहे. १९१५ साली खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झालं आणि त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा बारमाही वाहू लागली. त्या पाण्याच्या काठी रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स आली, तिची स्थापना १९६०ची. मागोमाग पाताळगंगेची औद्योगिक वसाहत उभी राहिली. कामगार परप्रांतांतून आले आणि बाजारात मराठीच्या जोडीला हिंदी स्थिरावली. कातकरी मात्र ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, ती बहुतेक ठिकाणी कागदावर दुसऱ्याची. जमिनीचे भाव चढले तशी वाडी उठवली जाण्याची भीतीही वाढली. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी रायगड-ठाण्यातल्या कातकरी वाड्यांच्या या झगड्यावर पुस्तकच लिहिलं आहे. उद्या इथे राहू की नाही याचीच खात्री नसलेल्या माणसाला ‘तू भाषा का जपली नाहीस’ असं विचारणं मला क्रूर वाटतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: काथोडी ही मराठीचीच बोली, मग गेलं काय? १९०५ साली निघालेल्या ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात तिची नोंद मराठीच्या पोटातच आहे, हे खरं. पण तिची काही वळणं भिल्ली-गुजरातीकडची आहेत, हेही अभ्यासकांनी तेव्हापासून सांगितलेलं आहे. शिवाय भाषा की बोली, या वादाचा निकाल मोजणीवर बेतला जातो आणि मोजणीच मोठ्यांच्या बाजूची आहे. १९६१च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषांची नावं होती. १९७१पासून दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषा वेगळ्या छापणंच बंद झालं. अभिजात दर्जासाठी आपण मराठी माणसं वर्षानुवर्षं झगडलो आणि ३ ऑक्टोबर २०२४ला तो मिळाला. ओळख मिळणं म्हणजे काय हे ज्यांना एवढं कळतं, त्यांनी तरी शेजारच्या बोलीला ‘नुसती बोली’ म्हणू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मराठी आली म्हणून पोरं शाळेत टिकली, तलाठ्यासमोर बोलू लागली, मग आईबापांनी चुकीचं काय केलं? काहीच नाही. घरची बोली बोलणाऱ्या पोराला पहिलीच्या वर्गात मठ्ठ ठरवलं जातं, हसलं जातं. ते हसू पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून आईने त्याच्याशी मराठीत बोलायला घेतलं. ही माया आहे, आणि तिची किंमत तिला एकटीला मोजावी लागली. २००९चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. ती जबाबदारी शाळेने उचलली असती तर आईला घरात हा व्यवहार करावा लागला नसता. मराठी आणि काथोडी यांतली एकच निवड, असं कोणत्याही मुलाच्या डोक्यात मुळात नसतं. दोन-तीन भाषा लहानपणी सहज मावतात.

तिसरा आक्षेप रायगडच्याच इतिहासातला आहे आणि तो मला सर्वांत विचार करायला लावतो. इथल्या गावांमधले बेने इस्रायली ज्यू हिब्रू विसरले होते. तेलाचे घाणे चालवत ते मराठी बोलत, लोक त्यांना शनवार तेली म्हणत. तरीही शनिवारचा विसावा, सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना त्यांनी सोडली नाही, आणि त्या धाग्यावरून पुढे हिब्रू पुन्हा शिकले. म्हणजे भाषेवाचून वारसा राहू शकतो. मान्य. पण राहिला कशावर? आठवड्यातून एकदा घाणा बंद ठेवण्यावर, म्हणजे सगळ्या घराने मिळून करायच्या एका गोष्टीवर. कातकऱ्यांच्या हातून तर आधी तीच गोष्ट गेली. म्हणून बोली न येणाऱ्या कातकरी तरुणाने स्वतःला उपरा समजायचं कारण नाही. खाडी-ओढ्याचे मासे, रानभाज्या, औषधी मुळ्या यांची जाण अजून वाडीत आहे, आणि बोली परत यायची तर याच वाटेने येईल.

त्यासाठी काय लागेल हे फारसं गूढ नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींच्या अधिवासाच्या हक्काची वेगळी तरतूद आहे. वाडीखालची जमीन आणि वाडीमागचं रान हाती असेल तर रानातले शब्दही हाती राहतात. न्यूझीलंडमध्ये माओरींनी १९८२पासून ‘भाषेची घरटी’ उभी केली: शाळेआधीच्या वयाची पोरं आणि भाषा येणारे आजीआजोबा, एका खोलीत. आपल्याकडे खोली बांधलेली आहे, तिला अंगणवाडी म्हणतात. अंगणवाडीच्या आहारात शेवळांच्या दिवसांत शेवळं शिजावीत, वाडीतल्या आजीला मानधन देऊन बोलवावं, आणि काकडं वाटताना ती पोरांशी जे काही बोलेल ते तिच्या बोलीत बोलू द्यावं.