ऱ्हुमॅटॉइड संधिवात, त्यावरील औषधे आणि रोगप्रतिकार यंत्रणा : एक विवेचन

बीजसंज्ञा : ऱ्हुमॅटॉइड संधिवात, रोगप्रतिकार यंत्रणा, स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, जैविक औषधे, क्षयरोग.

प्रस्तावना :

'संधिवात' हा शब्द मराठीत फार सैलपणे वापरला जातो. उतारवयातील गुडघेदुखीपासून पावसाळ्यात ठणकणाऱ्या जुन्या दुखापतीपर्यंत सर्व काही या एकाच शब्दात सामावते. वैद्यकशास्त्र मात्र सांध्यांच्या आजारांत काटेकोर भेद करते. कूर्चेची झीज होऊन उद्भवणारा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा प्रामुख्याने सांध्याचा आजार आहे. याउलट ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा मूलतः रोगप्रतिकार यंत्रणेचा आजार असून त्याचा सर्वाधिक आघात सांध्यांवर होतो. ब्रिटिश वैद्य आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये या आजारास हे नाव दिले. जगातील सुमारे अर्धा ते एक टक्का प्रौढांना तो होतो आणि स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट ते तिप्पट असते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणातही प्रौढांमध्ये त्याचे प्रमाण सुमारे ०.५ टक्के आढळले होते.

या आजाराची औषधे 'प्रतिकारशक्ती कमी करतात' असे रुग्णाच्या कानी पडते आणि तेथूनच गैरसमजास प्रारंभ होतो. काही रुग्ण भीतीपोटी उपचार सोडतात, तर काही जण तात्काळ आराम देणारी औषधे देखरेखीविना वर्षानुवर्षे घेत राहतात. हा रोग स्वतः प्रतिकार यंत्रणेचे काय करतो आणि त्यावरील औषधे तिच्या कोणत्या भागावर कार्य करतात, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. 'स्व' आणि 'पर' यांतील भेद :

प्रतिकार यंत्रणेचे पहिले कार्य म्हणजे आपले कोणते आणि परके कोणते हे ओळखणे. टी-पेशी ही ओळख पटवितात, बी-पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात आणि भक्षक पेशी जंतूंना गिळून नष्ट करतात. या पेशी परस्परांशी सायटोकाइन नावाच्या प्रथिनांद्वारे संपर्क साधतात.

ऱ्हुमॅटॉइड संधिवातात ही ओळखच बिघडते. शरीरातील काही प्रथिनांमधील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर होते. हा बदल निरोगी व्यक्तीतही घडतो. परंतु विशिष्ट आनुवंशिक घटक असलेल्या व्यक्तीत असे बदललेले प्रथिन परके समजले जाऊन त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. धूम्रपानाने हा धोका वाढतो. ही प्रतिपिंडे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रक्तात आढळू शकतात. याचाच अर्थ, आजाराचा आरंभ बोटांच्या सांध्यांत नव्हे, तर त्याआधीच प्रतिकार यंत्रणेत झालेला असतो.

पुढे सांध्याच्या आतील अस्तरात या पेशींची गर्दी होते. टी.एन.एफ. आणि इंटरल्यूकिन-६ ही सायटोकाइन मोठ्या प्रमाणात स्रवतात, अस्तर जाड होते आणि ते कूर्चा व हाड पोखरू लागते. सकाळी दीर्घकाळ टिकणारा सांध्यांचा ताठरपणा हे या दाहाचेच लक्षण होय.

२. अतिसक्रिय, तरीही दुर्बळ :

प्रतिकार यंत्रणा अतिसक्रिय आहे म्हणजे रुग्ण जंतूंपासून अधिक सुरक्षित असेल, असा तर्क कोणीही करील. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या रुग्णांमध्ये जंतुसंसर्गाचे प्रमाण इतरांच्या तुलनेत सुमारे पावणेदोन पट आढळले. अभ्यासातील रुग्णांचे निदान १९५५ ते १९९४ या काळातील, म्हणजे आधुनिक जैविक औषधे प्रचारात येण्यापूर्वीचे होते.

याची कारणे अनेक आहेत. सततच्या उद्दीपनामुळे टी-पेशी अकाली वृद्ध होतात आणि नव्या जंतूला प्रतिसाद देण्याची त्यांची क्षमता घटते. फुप्फुसांवर रोगाचा परिणाम होतो, हालचाल मंदावते, स्नायू क्षीण होतात. दीर्घकालीन दाहामुळे हृदयविकाराचाही धोका वाढतो. तात्पर्य, 'औषध घेतले नाही तर प्रतिकारशक्ती शाबूत राहील' हे गृहीतकच चुकीचे आहे. दाह आटोक्यात आणणे हाही प्रतिकार यंत्रणेच्या रक्षणाचाच एक मार्ग होय.

३. औषधांचे कार्य :

'प्रतिकारशक्ती कमी करणारी' या एकाच नावाखाली येणारी औषधे परस्परांहून अत्यंत भिन्न आहेत.

(अ) स्टेरॉइड : १९४८ मध्ये मेयो क्लिनिक येथे फिलिप हेंच यांनी एका रुग्ण स्त्रीस कॉर्टिझोन दिले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना मिळाले. परंतु दुष्परिणामही लवकरच दिसून आले. स्टेरॉइड प्रतिकार यंत्रणेच्या बहुतेक सर्व शाखांना एकाच वेळी दडपते. मात्रा आणि कालावधी वाढेल तसा जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय हाडे ठिसूळ होतात व रक्तातील साखर वाढते. म्हणून ते शक्य तितक्या अल्प मात्रेत आणि अल्पकाळ देण्याकडे आज कल आहे. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास शरीराचे स्वतःचे संप्रेरक अपुरे पडून जीवावर बेतू शकते. घटकांचा उल्लेख नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास रुग्णास या धोक्याची कल्पनाही नसते.

(आ) मेथोट्रेक्सेट व तत्सम औषधे : फॉलिक आम्लाला अवरोध करणाऱ्या ज्या संयुगांच्या कुळातून मेथोट्रेक्सेट आले, त्यांच्या विकासात आंध्रप्रदेशात जन्मलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा मोलाचा वाटा होता. मूळचे कर्करोगावरील हे औषध या आजारात मात्र आठवड्यातून एकदाच, साधारणतः ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढ्या अल्प मात्रेत दिले जाते. या मात्रेत ते पेशी मारण्यापेक्षा ॲडिनोसिन या दाहशामक द्रव्याचे प्रमाण वाढवून कार्य करते, असे मानले जाते. त्यामुळे गंभीर जंतुसंसर्गाचा धोका फार थोडाच वाढतो. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तथापि साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य थांबून मृत्यू ओढवू शकतो. रक्तपेशी व यकृत यांची नियमित तपासणी, फॉलिक आम्लाची जोड आणि गर्भधारणेपूर्वी औषध थांबविणे ही पथ्ये अनिवार्य आहेत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे त्याहून सौम्य असून ते जंतुसंसर्गाचा धोका वाढवीत नाही. त्यात डोळ्यांची तपासणी मात्र आवश्यक ठरते.

(इ) जैविक औषधे : मार्क फेल्डमन व रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये लंडन येथे टी.एन.एफ.ला रोखणारे प्रतिपिंड रुग्णांना प्रथम दिले आणि उपचारांची दिशाच पालटली. ही औषधे सर्व यंत्रणा न दडपता तिचा एकच दुवा तोडतात. टोसिलिझुमॅब इंटरल्यूकिन-६ ला रोखते, रिटुक्सिमॅब बी-पेशी नाहीशा करते, तर ॲबाटासेप्ट टी-पेशींच्या उद्दीपनास आवर घालते. जो दुवा तुटला, त्याचे स्वाभाविक कार्यही थांबते. उदाहरणार्थ, टोसिलिझुमॅब घेणाऱ्या रुग्णास न्यूमोनिया झाला तरी ताप फारसा येत नाही आणि रक्ततपासणीतील सी.आर.पी.ही वाढत नाही. त्यामुळे निदानास विलंब होऊ शकतो.

(ई) जॅक अवरोधक : २०१२ पासून उपलब्ध झालेले टोफासिटिनिब हे तोंडाने घेता येते व पेशींच्या आतील संदेशवहन थांबविते. त्यामुळे नागीण होण्याचे प्रमाण वाढते. हृदयरोगाचा धोका असलेल्या पन्नाशीपुढील रुग्णांवरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात टी.एन.एफ. अवरोधकांच्या तुलनेत हृदयविकार व कर्करोग अधिक आढळल्याने त्याच्या वापरावर मर्यादा आल्या आहेत.

४. क्षयरोगाचा विशेष प्रश्न :

भारताच्या दृष्टीने टी.एन.एफ. अवरोधकांचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एकचतुर्थांश भारतात आहेत आणि क्षयाचे जंतू शरीरात सुप्तावस्थेत बाळगणारांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. अशा व्यक्तीत पांढऱ्या पेशी जंतूंभोवती गाठीसारखा वेढा घालून त्यांना बंदिस्त ठेवतात. हा वेढा टिकविण्याचे काम टी.एन.एफ. करते. औषधाने ते रोखले की वेढा ढासळतो आणि जंतू मोकळे होतात. इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यानंतर क्षयरोग झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांत तो फुप्फुसांबाहेर पसरलेला होता.

म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा क्ष-किरण, मांटू अथवा रक्ताची इग्रा चाचणी आणि सुप्त क्षय आढळल्यास प्रतिबंधक उपचार हा क्रम पाळला जातो. हिपॅटायटिस-बी ची तपासणीही तितकीच महत्त्वाची आहे. येथे खर्चाचाही विचार येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण न आलेल्या रुग्णांना मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन ही स्वस्त त्रयी देण्यात आली. ती एटानर्सेप्ट व मेथोट्रेक्सेट या महागड्या उपचारापेक्षा कमी प्रतीची ठरली नाही. औषध महाग म्हणून श्रेष्ठ, असे समीकरण येथे लागू पडत नाही.

५. लसीकरण :

रुग्णाची प्रतिकारशक्ती जपण्याचे लस हे प्रभावी साधन आहे. इन्फ्लुएन्झा व न्यूमोकॉकस यांच्या निर्जीव लसी घेता येतात. जैविक औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी मात्र सामान्यतः टाळाव्या लागतात. रिटुक्सिमॅबनंतर कित्येक महिने लसीचा प्रतिसाद क्षीण राहतो. त्यामुळे शक्यतो लस आधी दिली जाते. इन्फ्लुएन्झाच्या लसीनंतर, रोग नियंत्रणात असल्यास, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबविल्याने प्रतिपिंडे अधिक चांगली तयार होतात. अर्थात हा निर्णय वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचा असतो.

समारोप :

२०२० मध्ये कोविडच्या साथीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. पुढे टोसिलिझुमॅबही गंभीर रुग्णांना उपयुक्त ठरले. अनावर झालेली प्रतिकार यंत्रणा जंतूइतकीच घातक ठरू शकते, याचा हा प्रत्यय होता. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात तीच प्रक्रिया संथपणे, वर्षानुवर्षे चालते. तेव्हा 'औषधाने प्रतिकारशक्ती कमी होते काय?' हा प्रश्न अपुरा आहे. कोणते औषध, किती मात्रेत, कोणत्या रुग्णास, कोणत्या तपासण्यांनंतर आणि उपचार न केल्यास होणाऱ्या कोणत्या हानीच्या तुलनेत, असा तो विचारावयास हवा. भीतीपोटी सोडलेले औषध आणि देखरेखीविना घेतलेले औषध, या दोहोंमुळे रुग्णाचे नुकसानच होते. प्रतिकार यंत्रणेचे बळ हे तिच्या उग्रतेत नसून तिच्या संतुलनात आहे आणि ते संतुलन पुन्हा साधणे हेच या उपचारांचे खरे प्रयोजन होय.