विशेष शाळांपुढचा कच्चा सांधा

व्यवसायाभिमुख माध्यमिक शिक्षणाचा आग्रह कोठारी आयोगाने १९६६मध्येच धरला होता. दिल्ली सरकारने २०२०मध्ये कौशल्य व उद्योजकता विद्यापीठ स्थापन केले आणि २०२१मध्ये नववी ते बारावीसाठी विज्ञान-तंत्रज्ञान, मानव्यविद्या, कला व आधुनिक कौशल्ये यांना वाहिलेल्या विशेष शाळा काढल्या. दिशा योग्यच आहे. मात्र शासकीय सेवेतील अनुभवावरून मला पुढचा सांधा कच्चा दिसतो. दिल्ली विद्यापीठाचे पदवीप्रवेश २०२२पासून प्रामुख्याने सामायिक परीक्षेवर होतात. शाळेतील चार वर्षांचे प्रकल्प तेथे मोजले जात नाहीत. चौदाव्या वर्षी वाट निवडणाऱ्या मुलाला त्या कामाचे श्रेयांक महाविद्यालयात मिळावेत, असा सरकार बदलले तरी टिकणारा लेखी करार हवा. अन्यथा ‘विशेष’ हे केवळ फलकावरचे नाव उरेल.