उधारीवरची ताकद

१३ जुलै १९५५. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले एक डॉक्टर आणि एक वॉर्ड सिस्टर आजारी पडले. बारा दिवसांत आजारी कर्मचाऱ्यांचा आकडा सत्तरच्या पुढे गेला आणि रुग्णालय बंद करावं लागलं. ते उघडलं थेट ५ ऑक्टोबरला. नोव्हेंबर संपेपर्यंत २९२ कर्मचाऱ्यांना या आजाराने गाठलं होतं. घसा, डोकं आणि स्नायू दुखायचे, ग्रंथी सुजायच्या, चक्कर यायची. काही जण बरे झाले, काहींना मात्र पूर्वीची ताकद परत मिळालीच नाही. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने या आजाराला नाव सुचवलं. त्यातून रूढ झालेलं नाव 'मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस', थोडक्यात एमई.

पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने केसपेपर चाळले आणि हा सामूहिक उन्माद होता, असा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत स्त्रियाच फार होत्या, हा त्यांचा एक आधार. एकाही रुग्णाला त्यांनी समोर बसवून विचारलं नव्हतं. १९८८ मध्ये अमेरिकेत अशा आजारासाठी 'क्रॉनिक फटिग सिंड्रोम', म्हणजे दीर्घ थकव्याचा विकार, हे नाव पुढे आलं आणि गैरसमजात भर पडली. थकवा कुणाला नसतो? लोकल पकडणाऱ्याला असतो, रात्रपाळी करणाऱ्याला असतो. मग याचं एवढं कौतुक कशाला?

या आजाराची खरी खूण 'किती थकलात' या प्रश्नात सापडत नाही. 'दमल्यावर पुढे काय होतं' हे विचारावं लागतं. निरोगी माणूस दमतो, झोपतो, सकाळी ताजातवाना उठतो. या रुग्णाचं उलटं असतं. समजा, एखाद्या शिक्षिकेने बरं वाटतंय म्हणून रविवारी कपाट आवरलं. त्या दिवशी काहीच होत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी मात्र अंग ठणकतं, घसा धरतो, उजेड आणि आवाज सोसवत नाही, वर्तमानपत्रातली ओळ तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही. हे कधी काही दिवस चालतं, कधी काही आठवडे. रुग्ण याला 'क्रॅश' म्हणतात. रविवारी वापरलेली ताकद उधारीची होती आणि वसुली चक्रवाढ व्याजाने झाली.

अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २०१५ मध्ये निदानाचे निकष मांडले, तेव्हा ही खूण त्यात आवश्यक ठरली. शिवाय सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता खूप घटलेली असणं, झोपूनही ताजं न वाटणं, आणि यांच्या जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर वाढणारा त्रास. प्रयोगशाळेतही याचा माग लागतो. सलग दोन दिवस सायकल चालवायला लावून श्वासातले वायू मोजले, तर निरोगी माणसाचे आकडे दुसऱ्या दिवशी साधारण तेच येतात. अनेक रुग्णांचे मात्र घसरतात.

सुरुवात बऱ्याचदा एखाद्या संसर्गापासून होते. ऑस्ट्रेलियातल्या डब्बो भागात तीन वेगवेगळ्या संसर्गांच्या रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. २००६ च्या त्या अभ्यासात सहा महिन्यांनंतर सुमारे ११ टक्के रुग्ण या आजाराच्या निकषांत बसत होते. मूळ दुखणं जितकं तीव्र, तितका धोका जास्त. रुग्णाच्या स्वभावाशी त्याचा संबंध आढळला नाही. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या 'डीकोडएमई' प्रकल्पाने १५ हजारांवर रुग्णांच्या डीएनएमध्ये या आजाराशी जोडलेल्या आठ जागा दाखवल्या. काही प्रतिकारशक्तीशी संबंधित आहेत, काही मज्जासंस्थेशी. मात्र रक्ताच्या एका चाचणीत निदान होण्याचे दिवस अजून आलेले नाहीत.

दीर्घ थकव्याची इतरही कारणं असतात. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार स्त्रियांची पाहणी केली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १२ टक्के स्त्रियांनी दीर्घ थकव्याची तक्रार सांगितली. तिचं नातं पतीकडून होणाऱ्या लैंगिक हिंसेशी आणि मनाच्या अस्वास्थ्याशी दिसलं, हिमोग्लोबिनशी नाही. म्हणजे 'रक्त कमी असेल' म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन विषय संपत नाही. थायरॉइड, मधुमेह, बी-१२, झोपेतला श्वासाचा अडथळा, नैराश्य हे सगळं तपासायलाच हवं. पण रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे माणूस ठणठणीत आहे, असा अर्थ काढू नये.

आजार बरा करणारं औषध अजून नाही. 'रोज थोडं जास्त चाला' हा सल्ला बरीच वर्षं दिला गेला. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक चढत्या क्रमाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं. समुपदेशन आजार पेलायला मदत करतं, पण तो आजारावरचा इलाज नाही, असंही म्हटलं. त्याऐवजी भर आहे तो अंथरूण पाहून पाय पसरण्यावर. काय केल्यावर क्रॅश होतो, याची वही ठेवायची. दमायच्या आधी थांबायचं. आंघोळ स्टुलावर बसून, भाजी बसून चिरायची, फोन दहा मिनिटांत आटोपायचा. चांगल्या दिवशी साठलेली कामं उरकायचा मोह टाळायचा. सगळ्यात अवघड हेच असतं. झोप, वेदना, उभं राहिल्यावरची धडधड यांवर डॉक्टरांकडून स्वतंत्र उपचार घेता येतात.

घरच्यांची भूमिका इथूनच सुरू होते. लग्नात दोन तास हसत बसलेली बहीण पुढचे चार दिवस अंधाऱ्या खोलीत असते, हे पाहुण्यांना दिसत नाही. या आजाराचे किमान एक चतुर्थांश रुग्ण कधी ना कधी घरात अडकून पडतात किंवा अंथरुणाला खिळतात. ते तर कुणालाच दिसत नाहीत. त्यांना 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' म्हणू नका. 'उद्याच्या कामांतलं मी कोणतं करू?' एवढं विचारा, आणि ते काम खरंच करा.