बसकी मोटार आणि तिची चाके



धार जिल्ह्यातील पीथमपुरात मोटार ही नवलाची वस्तू उरलेली नाही. आयशर आणि फोर्स यांच्यासारख्या कारखान्यांमुळे येथील कित्येक घरांची चूल वाहनांच्या धंद्यावर पेटते. गावालगतच मोटारींची परीक्षा घेणारे नॅट्रॅक्स हे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान धावपट्टीचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी झाले. तेव्हा शाळेतील मुलांची जिभेवरची भाषाही टायर, रिम आणि सस्पेन्शन यांचीच असावी, यात आश्चर्य कसले?

माझा एक जुना विद्यार्थी येथल्याच एका कारखान्यात नोकरीस लागला. दोन वर्षे पैसे साठवून त्याने एक जुनी, लहान मोटार घेतली. महिन्याभरात तिचे रूप पालटले. पंधरा इंची चाकांच्या जागी चकचकीत सतरा इंची चाके आली, आणि मोटार जमिनीस टेकल्यासारखी दिसू लागली. एका रविवारी तो ती घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "सर, बसा. आईबाबांनाही घेतलं आहे, धारला जाऊन येऊ." त्याची धाकटी बहीणही होती. आम्ही पाचजण बसलो. पहिल्याच वळणावर मागून 'खर्र' असा आवाज आला. नंतर प्रत्येक खड्ड्यागणिक येऊ लागला. घाटाबिल्लोदच्या अलीकडे मी मोटार थांबवावयास लावली. मागच्या टायरची कड मडगार्डच्या पत्र्याशी घासून आतले धागे उघडे पडले होते. तो टायर त्या ट्रकांनी भरलेल्या रस्त्यावर फुटला असता तर काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही तेथूनच परतलो. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून हा विषय नीट समजून घेतला. तोच आज आपणांपुढे मांडतो.

प्रथम टायरवरचे आकडे वाचावयास शिकले पाहिजे. त्याच्या मोटारीचा मूळ टायर १८५/६५ आर १५ असा होता. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरांत. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची. ती रुंदीच्या शेकडा पासष्ट, म्हणजे सुमारे १२० मिलिमीटर. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. रिमच्या व्यासात भिंत दोनदा मिळवली की संपूर्ण चाकाचा व्यास निघतो: ६२१.५ मिलिमीटर. नव्या २०५/४० आर १७ टायरची भिंत केवळ ८२ मिलिमीटरांची, आणि चाकाचा व्यास ५९५.८. रिम मोठी झाली, पण चाक लहान झाले! व्यास शेकडा चार घटल्याने वेगाच्या काट्याचा हिशेबही तेवढा बिघडला, आणि मोटार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर खाली आली. याउलट १९५/५५ आर १६ हा टायर घेतला असता तर व्यास ६२०.९ भरला असता; फरक नखाएवढाही नाही. तेव्हा पहिला नियम हा की, रिम वाढवावयाची तर भिंत त्या मानाने कमी करून चाकाचा एकूण व्यास राखावा.

दुसरी गोष्ट भाराची. रुंद टायर अधिक वजन पेलतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः वजन रबर पेलत नाही, टायरात कोंडलेली हवा पेलते, आणि बुटक्या टायरात हवेला जागा कमी असते. टायरवर मापाच्या पुढे भाराचा एक सांकेतिक आकडा छापलेला असतो. मूळ टायरवर तो ८८ होता. त्याचा अर्थ एका टायरने ५६० किलो पेलावे. नव्यावर होता ८४, म्हणजे ५०० किलो. चार चाकांत मिळून २४० किलोंची तूट आली, आणि ती कोणाच्या लक्षातही आली नाही. मूळ आकड्याहून कमी आकड्याचा टायर, तो कितीही देखणा असो, घेऊ नये.

तिसरी गोष्ट ऑफसेटची. रिमच्या रुंदीचा मध्य आणि रिम हबवर जेथे टेकते ती पाठ, या दोहोंतील अंतर म्हणजे ऑफसेट. हा आकडा घटला की चाक बाहेर सरकते. समजा, मूळ रिम सहा इंच रुंद आणि ऑफसेट ४५ आहे. आपण सात इंची रिम ३५ ऑफसेटची बसवली. रुंदीमुळे प्रत्येक बाजूस १२.७ मिलिमीटर वाढले, आणि ऑफसेटमुळे सगळे चाक आणखी १० मिलिमीटर बाहेर गेले. परिणामी बाहेरची कड जवळजवळ २३ मिलिमीटर मडगार्डकडे सरकली. आमच्या खर्र आवाजाचे निम्मे रहस्य यातच होते. याखेरीज नटांच्या भोकांचे वर्तुळ हबशी तंतोतंत जुळले पाहिजे, आणि रिमचे मधले भोक हबवर नीट बसले पाहिजे. ते सैल असेल तर मधे योग्य मापाची कडी घालावी. नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरते.

आता उंचीकडे वळू. मोटार खाली आणण्यासाठी मिस्त्रीने स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला होता. यात दोष कोणता? स्प्रिंग दबून शेवटच्या रबरी ठोकळ्यास टेकेपर्यंत जेवढी जागा, तेवढीच खड्ड्याचा धक्का जिरवण्याची जागा. ती निम्मी केली तर, ढोबळ हिशेबाने, तोच धक्का जिरवण्यास स्प्रिंग चौपट ताठर हवी. सहा वेढ्यांतील एक कापला तर ताठरपणा जेमतेम पाचव्या हिश्शाने वाढतो. म्हणजे प्रत्येक मोठा खड्डा ठोकळ्यावर, तेथून सांगाड्यावर आणि तेथून बसणाऱ्याच्या कण्यावर. शिवाय कापलेल्या टोकाला बसण्याची सपाट बैठक उरत नाही. चाक हवेत लोंबले की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. विस्तवाने तापवून स्प्रिंग बसवणे तर त्याहून वाईट, कारण त्यात पोलादाचे पाणीच उतरते.

बसकी मोटार वळणावर हमखास अधिक स्थिर असते, हीही अर्धवट समजूत आहे. मोटार फार खाली आणली की पुढच्या चाकांना धरणारी खालची भुजा चाकाच्या बाजूस चढती होते. मोटार ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू त्यामुळे मोटारीच्या वजनाच्या मध्याहूनही अधिक झपाट्याने खाली जातो, आणि पुरेशी ताठर स्प्रिंग नसेल तर बसकी मोटार उलट जास्त कलते. चाकांचे कोन बदलून टायर एका कडेने झिजतात, ते वेगळेच.

मग जमिनीपासून किती अंतर हवे? इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा असावा. अडीच मीटर अंतराच्या चाकांची मोटार त्यावर मधोमध आली असता दोन्ही चाकेही उंचवट्यावरच असतात. मोटारीच्या पोटाशी गतिरोधक अवघा ४६ मिलिमीटर वर येतो. असला गतिरोधक बसक्या मोटारीलाही जाऊ देईल. परंतु आमच्या वस्तीतील गतिरोधक मानके वाचून बांधलेले नाहीत. हातभर रुंदीचा, वीतभर उंचीला भिडणारा तो ढिगारा दोन चाकांच्या मधे येतो, आणि आपली सगळीच्या सगळी उंची मोटारीच्या पोटाला दाखवतो. त्यात माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा रस्ता खचतो.

आता बेरीज करा. मूळ मोटार रिकामी असताना जमिनीपासून १७० मिलिमीटर वर होती. टायरांनी १३ खाल्ले, कापलेल्या स्प्रिंगांनी ४०, उरले ११७. पाच माणसांच्या भाराने आणखी तीस-चाळीस गेले. उरले जेमतेम ८० मिलिमीटर, म्हणजे चार बोटे! इंजिनचे तेलाचे चेंबर त्याच पातळीवर असते, हे ध्यानी घ्यावे.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखानदाराने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलांपासून वाहन वेगळे पडेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. म्हणून हात लावण्यापूर्वी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारावे. पुष्कळदा कारखानदार त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीस मोठे चाक देतो. ते माप आपल्यास चालेल काय, हे पाहणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

आणि गॅरेजातून निघण्यापूर्वी परीक्षा अवश्य घ्यावी. मोटारीत पाच माणसे बसवावी, डिकीत सामान ठेवावे, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे, आणि प्रत्येक चाकाभोवती हात फिरेल एवढी मोकळी जागा आहे ना, ते पाहावे. अलाइनमेंट करून घ्यावे. शंभरेक किलोमीटरांनंतर नट पुन्हा आवळावे. रिकाम्या मोटारीवर घेतलेले माप हे अर्धेच माप असते. आमच्या पोराची चूक नेमकी येथे झाली: त्याने मोटार एकट्याने चालवून पाहिली होती, आणि घेतली होती घरातल्या सर्वांसाठी.

त्याने सतरा इंची चाके तोट्यात विकली. कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळ मापाच्या नव्या बसवल्या. त्याच मोटारीच्या वरच्या श्रेणीची सोळा इंची चाके, १९५/५५ चे टायर घालून, आता तिला आहेत, आणि ती दिसतेही छान. गेल्या श्रावणात आम्ही तेच पाचजण मांडवला जाऊन आलो. वाटेत गतिरोधक पुष्कळ लागले. मागच्या बाकावर त्याची आई निवांत झोपली होती.