गंगाजळी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे

आकुर्डीच्या बजाज ऑटोचा वार्षिक अहवाल आला की अनेक भागधारक ताळेबंदातल्या एका ओळीवर बोट ठेवतात: राखीव निधी आणि अधिशेष, म्हणजेच गंगाजळी. आकडा हजारो कोटींचा. 'एवढा पैसा पडून आहे, तर लाभांश का वाढवत नाहीत?' प्रश्न रास्त आहे, पण ओळ चुकीची आहे.

ही ओळ भागभांडवलाच्या शेजारी, म्हणजे पैसा कुठून आला हे सांगणाऱ्या बाजूला असते. लाभांश वाटून मागे राहिलेल्या वर्षानुवर्षांच्या नफ्याची ती नोंद. तो पैसा आज कुठे आहे, हे दुसरी बाजू सांगते: चाकणचा कारखाना, यंत्रं, मालाचा साठा, डीलरांकडची येणी. म्हणूनच कागदावर भरपूर गंगाजळी असलेली कंपनीही पगाराच्या दिवशी अडचणीत येऊ शकते. बजाज ऑटोकडे मोकळा पैसाही मोठा आहे. तो रोखे आणि फंडांत गुंतवलेला असतो. भागधारकांनी पाहायचा तो हा आकडा. 2024 मध्ये कंपनीने 10,000 रुपये दराने 40 लाख शेअर परत विकत घेतले. त्या 4,000 कोटींसाठी खरी रोकडच लागली.

बोनस शेअरचं तसं नाही. तिथे राखीव निधीतली रक्कम भागभांडवलात वर्ग होते, एक रुपयाही कंपनीबाहेर जात नाही, आणि शेअरचा भाव त्या प्रमाणात खाली येतो. त्याला फुकटची कमाई समजू नये.

2023 मध्ये याच समूहातल्या बजाज फिनसर्वचा म्युच्युअल फंड सुरू झाला. अशा वेळी 'पैसे बजाजकडेच ठेवलेत' असं लोक निर्धास्तपणे म्हणतात. कोणत्याही समूहाचा फंड असो, तो कायद्याने स्वतंत्र ट्रस्ट असतो. त्याचे रोखे कस्टोडियनच्या ताब्यात असतात आणि व्यवस्थापन कंपनी फक्त शुल्क घेते. ती कंपनी बुडाली तरी तिच्या धनकोंना तुमच्या युनिटांना हात लावता येत नाही. पण बाजार पडला तर समूहाची गंगाजळीही तुमचा तोटा भरून देणार नाही. नावावर विसंबणाऱ्यांनी हे दुसरं वाक्य आधी वाचावं.

निवृत्तांना फंडाचा 'लाभांश' फार आवडतो. युनिट 100 रुपयांचं असताना 5 रुपये वाटले, की त्याचं मूल्य 95 होतं. म्हणूनच एप्रिल 2021 पासून सेबीने या पर्यायाच्या नावातच 'भांडवल काढणे' हे शब्द घालायला लावले. शिवाय हाती आलेल्या या रकमेवर आपापल्या टप्प्यानुसार प्राप्तिकरही लागतो.